आतड्याची शाकारणी

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. मालवणच्या बाजारात तेव्हा सुकी मासळी आणि ब्रॉयलर कोंबडी यांवरच भागवावं लागतं, त्यामुळे श्रावण लागेपर्यंत कोंबडीला उठाव असतो. आणि नेमक्या याच दिवसांत शेड सांभाळणं सर्वांत अवघड. कुडाळजवळच्या एका ओळखीच्या शेडवर भर पावसात गेलो, तर दाराशीच डोळे चुरचुरले. मालकाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. “वास इलो काय समजाचा, गादी गेली.” गादी म्हणजे जमिनीवर पसरलेला भाताचा तूस. त्याने मूठभर तूस दाबून मूठ उघडली. गोळा तसाच राहिला, फुटला नाही.

हा वास अमोनियाचा. कोंबडीच्या शिटेवर पांढरी टोपी असते, ती युरिक आम्लाची. आपण शरीराला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकतो, कोंबडी तो युरिक आम्ल करून शिटेतून टाकते. गादी ओली झाली की तिच्यातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणजे शेडमध्ये वास येतो तो पावसामुळे हे खरं, पण त्याचं मूळ खाद्याच्या गोणीत असतं.

ब्रॉयलरचं खाद्य मुख्यतः मका आणि सोयापेंडीचं. पिल्लांच्या खाद्यात प्रथिनं 22-23 टक्के असतात. पण कोंबडीला ‘प्रथिन’ नको असतं, तिला हवी असतात त्यातली अमिनो आम्लं, आणि तीही ठरावीक प्रमाणात. कोंबडी-वड्यांचं पीठ आठवा. तांदूळ, उडीद, धणे, मेथी यांचं माप ठरलेलं. उडीद संपले म्हणून तांदूळ दुप्पट घातले तर वडे फुगत नाहीत, तांदूळ मात्र वाया जातात. मका-सोयाच्या खाद्यात असा पहिला तुटवडा पडतो मेथिओनीनचा, दुसरा लायसीनचा, तिसरा थ्रिओनीनचा. पूर्वी हा तुटवडा भरून काढायला सरसकट पेंडच जास्त घालत. मग उरलेली अमिनो आम्लं शरीर जाळून टाकी आणि नायट्रोजन गादीवर येई. आता टनामागे काही किलो शुद्ध अमिनो आम्लं मिसळून पेंड कमी करतात. खाद्यातलं प्रथिन एका टक्क्याने उतरलं की बाहेर पडणारा नायट्रोजन दहा टक्क्यांच्या आसपास घटतो. शिवाय सोयापेंडीत पोटॅशियम भरपूर, त्याने पक्षी पाणी जास्त पितो. पेंड कमी म्हणजे पाणी कमी, आणि गादी कोरडी. ऑगस्ट 2021 मध्ये पेंडीचे भाव इतके चढले की केंद्र सरकारने 12 लाख टन जनुकबदल सोयापेंड आयातीला परवानगी दिली. तेव्हा हे गणित किती पैशांचं आहे ते सगळ्यांनाच कळलं.

पण मला या तिघांत रस आहे तो थ्रिओनीनमध्ये. मेथिओनीन-लायसीन हे मांस आणि पिसांचे धनी. थ्रिओनीनचा मोठा वाटा आतडं आधी काढून घेतं, छातीच्या मांसाला उरलेलं जातं. कोकणात पाऊस लागण्याआधी पैसे थोडे असले तरी घर शाकारून घेतात, बाकीचं नंतर. पक्ष्याचं शरीरही तसंच वागतं. त्याचं छप्पर म्हणजे आतड्याच्या आतला बुळबुळीत थर. हा थर म्यूसिन नावाच्या प्रथिनाचा. म्यूसिनच्या लांब धाग्यावर ठिकठिकाणी थ्रिओनीन असतं, आणि तिथून साखरेच्या साखळ्या लोंबतात. त्या पाणी धरून ठेवतात, म्हणून थर बुळबुळीत. जिवाणू त्यात अडकतात, आतड्याच्या पेशींपर्यंत पोचत नाहीत. हा थर सतत झिजतो आणि त्यातलं बरंचसं थ्रिओनीन पचून परत न येता शिटेतून जातं. तेव्हा रोज नवं लागतंच.

थराखाली बोटांसारखे बारीक अंकुर असतात. खाल्लेलं शोषून घेण्याचं काम त्यांचं. त्यांच्यावरच्या पेशी तीन-चार दिवसांत बदलतात. त्यात 40-45 ग्रॅमचं पिल्लू आठवड्याभरात चौपटीच्या आसपास वाढतं आणि त्या दिवसांत आतडं बाकीच्या शरीरापेक्षा वेगाने वाढतं. पहिल्याच आठवड्यात शाकारणी राहून गेली, तर पुढचे पाच आठवडे तिची किंमत मोजावी लागते.

आता यात मृग आणि आर्द्रा घाला. रक्ती हगवणीचे कारक आयमेरिया हे परजीवी. त्यांची अंडी उबदार ओल्या तुसात दिवसा-दोन दिवसांत रोग देण्याजोगी होतात. ते आतडं कोरतात, जखमांतून प्रथिनं झिरपतात, न पचलेलं अन्न खाली उतरतं, आणि एरवी गुमान पडून असलेला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स त्यावर माजतो. आतडं सडू लागतं. पूर्वी यावर उपाय म्हणजे खाद्यातच थोडंथोडं प्रतिजैविक. युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविकं 1 जानेवारी 2006 पासून बंद केली. भारताने 2019 मध्ये पशुखाद्यातलं कोलिस्टिन थांबवलं. म्हणून थ्रिओनीन, ग्लुटामीन, आर्जिनीन या अमिनो आम्लांकडे लोक आतड्याचं औषध म्हणून पाहू लागले.

इथे जरा सावध राहिलेलं बरं. ही अमिनो आम्लं औषध नव्हेत. स्वच्छ शेडमध्ये निरोगी पक्ष्यांना ठरलेल्या मापापेक्षा जास्त देऊन फारसं काही हाती लागत नाही. रोगाचा ताण असेल तेव्हाच फरक दिसतो, तोही दर वेळी सारखा नाही. जास्त देणं तर अंगाशी येतं. कोंबडीला आर्जिनीन स्वतः तयार करता येत नाही, आणि लायसीन वाजवीपेक्षा वाढलं की मूत्रपिंड तेच आर्जिनीन जास्त मोडू लागतं. मेथिओनीन तर अति झाल्यास या सगळ्यांत घातक. तरी पाण्यातून द्यायच्या टॉनिकच्या बाटल्या त्या शेडच्या फळीवर ओळीने मांडलेल्या होत्याच. मला विचाराल तर ते पैसे नव्या तुसावर घालावेत.

थ्रिओनीनचा शोध लागला तो न वाढणाऱ्या उंदरांमुळे. इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ यांनी उंदरांना प्रथिनाऐवजी तोवर माहीत असलेल्या सगळ्या अमिनो आम्लांचं मिश्रण चारलं. उंदीर वाढेनात. काहीतरी राहतंय, हे त्यावरून कळलं आणि 1935 मध्ये ते सापडलं. आज ते कारखान्यात आंबवून काढतात, आणि ते काम करणारा जिवाणू ई. कोलाय. शेडमध्ये ज्याच्या नावाने मालकाची झोप उडते, त्याचाच पाळलेला भाऊबंद.

कराराने कोंबड्या पाळणाऱ्याला पिल्लं, खाद्य, औषध कंपनी देते. गोणीत थ्रिओनीन किती, हे त्याच्या हातात नसतं. त्याच्या हातात पाण्याच्या निपलची गळती, झडीकडचा पडदा आणि गादी. त्या दुपारी मालकाने भिजलेला कोपरा फावड्याने काढला, कोरडा तूस ओतला आणि पुन्हा मूठ दाबून पाहिली. बाहेर पडवीत त्याच्याच दोन गावठी कोंबड्या वाळवी लागलेल्या ओंडक्यावर तुटून पडल्या होत्या. “ह्यांका गोणी लागणा नाय,” तो म्हणाला. “ऑक्टोबरात गोलमो (बारीक कोलंबी) वाळत घातलो, काय राखणेक पोर बसवचा लागता.”