परदेशातून आलेला कॉल वाजावा म्हणून

मुलं शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेली की घरच्यांच्या मोबाइलवर इंटरनेट कॉलिंगची सोय करावीच लागते. त्यासाठी आपल्याकडे बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅप वापरतात. ते फोनमध्ये घेणं सोपं आहे. खरी अडचण पुढे येते: आपला फोन तिकडे लागतो, पण तिकडून आलेला इकडे वाजत नाही. म्हणून अँड्रॉइड फोनवरची ही जुळणी आपण शेवटपर्यंत नीट करू.

आधी हे कॉलिंग चालतं कसं ते पाहू. आपला आवाज फोनमध्ये आकड्यांत बदलतो, त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते इंटरनेटवरून पलीकडे जाऊन पुन्हा जुळतात. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. उशिरा पोचलेलं पॅकेट फोन सोडून देतो, तेव्हाच आपल्याला ‘आवाज तुटतोय’ असं जाणवतं. असा कॉल मिनिटांच्या हिशोबाने नाही, तर डेटा खर्चून होतो, त्यामुळे अमेरिकेशी बोला की अमरावतीशी, आपल्याला दर वेगळा पडत नाही.

अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्या. नावाखाली ‘व्हॉट्सअ‍ॅप एलएलसी’ असं लिहिलेलं आहे ना, ते पाहा. कुणी मेसेजमधून पाठवलेल्या लिंकवरून किंवा ‘जादा सोयींचं’ म्हणून मिळणारं अ‍ॅप घेऊ नका.

आता आपला मोबाइल नंबर टाका. पडताळणीसाठी एसएमएसने सहा आकडी ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा संकेतांक, येतो. त्या नंबराचं सिम चालू आणि त्याच फोनमध्ये असलेलं बरं. हा ओटीपी कुणालाही सांगू नका, ओळखीच्या नंबरवरून मागितला तरी नाही. तो ज्याच्या हाती जाईल, त्याच्या फोनवर आपलं खातं उघडू शकतं. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट’मध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून आणखी एक सहा आकडी पिन लावून ठेवा.

यानंतर फोन एकेक परवानगी मागतो. मायक्रोफोन, कॅमेरा, संपर्क आणि सूचना, म्हणजेच नोटिफिकेशन, या चारही आपल्याला लागतात. घाईत किंवा भीतीने ‘नको’ दाबलं जातं आणि तिथेच बिघडतं. मायक्रोफोनला नकार दिला तर आपला आवाज पलीकडे जात नाही. सूचनांना नकार दिला तर आलेला कॉल कळतच नाही. नकार दिला गेला असेल तरी काळजी नको. व्हॉट्सअ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरा, ‘अ‍ॅप इन्फो’ उघडा, ‘परमिशन्स’मध्ये जा आणि परवानगी द्या. सूचनांचा पर्याय तिथेच वेगळा दिसतो.

नंबर साठवताना देशाचा संकेतांक हवाच. शून्याचं बटण दाबून धरलं की अधिकचं चिन्ह उमटतं. त्यापुढे अमेरिकेसाठी 1, ब्रिटनसाठी 44. ब्रिटनमधला मोबाइल नंबर 07 ने सुरू होणारा सांगितला जातो. त्यातलं सुरुवातीचं शून्य गाळून 44 नंतर थेट 7 लिहा. ते शून्य राहिलं, तर माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर असूनही यादीत दिसत नाही.

आता न वाजणाऱ्या फोनकडे येऊ. बॅटरी वाचवण्यासाठी पुष्कळ फोन न वापरलेली अ‍ॅप मागच्या मागे झोपवतात. ‘अ‍ॅप इन्फो’मधल्या ‘बॅटरी’त जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही फोनांवर ‘ऑटोस्टार्ट’ असं वेगळं बटण असतं, तेही चालू ठेवा. दुसरं कारण व्हॉट्सअ‍ॅपच्याच ‘प्रायव्हसी’मध्ये, ‘कॉल्स’खाली सापडतं: ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’. अनोळखी नंबर गप्प ठेवणारी ही सोय चांगलीच आहे. पण मुलीने तिकडे नवा नंबर घेतला आणि आपण तो साठवलेला नसेल, तर तिचाही कॉल वाजणार नाही. सोय बंद करण्यापेक्षा नंबर साठवणं बरं.

एवढं झालं की दोन्ही बाजूंनी कॉल करून बघा. मुलाला सांगा, ‘मी फोन बंद करून टेबलावर ठेवते, दहा मिनिटांनी तू कर.’ फोन बंद म्हणजे फक्त स्क्रीन बंद. एकदा वायफायवर आणि एकदा मोबाइल डेटावर, अशी ही चाचणी घ्या. माझ्या मते सगळ्या जुळणीत हिचंच महत्त्व सर्वात जास्त, आणि नेमकी हीच राहून जाते.

बोलताना आवाज तुटू लागला तर आधी व्हिडिओ बंद करा. चित्राला आवाजाच्या कितीतरी पट डेटा लागतो. बोलत बोलत जिन्यावर किंवा अंगणात गेलात की फोन वायफाय सोडून मोबाइल डेटावर जातो आणि मध्येच ‘रीकनेक्टिंग’ दिसतं. थोडं थांबा, कॉल बहुधा परत जुळतो. दुबईत मात्र कितीही चांगलं नेट असलं तरी कॉल लागेलच असं नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलिंगवर बंधनं आहेत, मेसेज मात्र जातात. तिथल्या नातेवाइकांना कुठलं परवानगी असलेलं अ‍ॅप चालतं, ते विचारून घ्या.

फसव्या कॉलपासूनही सावध राहा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला कुणी ‘तुम्हाला अटक झाली आहे’ असं सांगू लागला, तर कॉल तोडा. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही. बोलताना कुणी स्क्रीन शेअर करायला सांगितली तर करू नका, बँकेचा ओटीपीही त्याला दिसतो. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवा.

हा फोन, आणि तातडीचा 112 चा फोनही, साध्या कॉलनेच करायचा असतो, व्हॉट्सअ‍ॅपवरून तो लागत नाही. म्हणून सिमचं रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि आपलं व्हॉट्सअ‍ॅप खातं त्याच नंबरावर उभं आहे.