मातीविना शेतीत मुळांना आधार कशाचा?

मातीविना भाजी पिकवण्याची हौस आता महानगरांतील गच्च्या आणि गॅलऱ्यांपर्यंत पोहोचली आहे. पीव्हीसी पाइप, छोटा पंप, पोषकद्रव्यांच्या बाटल्या असा सारा सरंजाम बाजारात तयार मिळतो. तो घेताना ग्राहकाचे लक्ष पंप आणि खतांवरच असते. मुळे ज्यात रुजायची ते माध्यम मात्र दुकानदार देईल ते घेतले जाते. महिनाभरात पालकाची पाने पिवळी पडू लागली, की खत कमी पडले असे समजून मात्रा वाढवली जाते. पुष्कळदा दोष माध्यमात असतो आणि वाढीव खताने तो बळावतो.

हायड्रोपोनिक्समध्ये माध्यमाकडून अन्नाची अपेक्षा नसते. अन्न पाण्यातून येते. माध्यमाने रोप उभे धरायचे, पाणी राखायचे आणि मुळांना हवा मिळू द्यायची. यांतील शेवटच्या दोन गोष्टी परस्परांच्या विरोधात जातात. कण बारीक असतील तर पाणी टिकते, पण हवेला जागा उरत नाही. कण जाड असतील तर हवा खेळते, पण पाणी निथळून जाते. म्हणून 'उत्तम माध्यम कोणते?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. मुळांपर्यंत पाणी किती वेळा पोहोचणार, हे आधी ठरवावे लागते.

पंप सतत चालणार असेल, तर भट्टीत फुगवून भाजलेल्या मातीच्या गोळ्या सोयीच्या. बाजारात त्यांना 'लेका' किंवा 'क्ले बॉल' म्हणतात. त्या पाणी फारसे धरत नाहीत आणि धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतात. मात्र मे महिन्याच्या दुपारी वीज गेली, की याच गोळ्यांतील रोपे काही तासांत माना टाकतात. हाताने दिवसातून एक-दोन वेळा पाणी घालणाऱ्यांनी किंवा वीज बेभरवशाची असलेल्यांनी त्यांच्या वाटेस न गेलेले बरे. अशा घरांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अधिक विश्वासाचा. तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. ५ किलोची दाबलेली वीट भिजवली, की साधारण ६० ते ७० लिटर भुसा होतो.

कोकोपीटमधील मिठाची गोम

कोकोपीट स्वस्त आहे, आपल्याकडे सहज मिळते. फसगतही त्यातच अधिक होते. नारळाची सोडणे अनेक ठिकाणी खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवली जातात. शिवाय काथ्यात मुळातच पोटॅशियम भरपूर असते. न धुतलेल्या भुशात त्यामुळे सोडियम आणि पोटॅशियम ठासून भरलेले असते. साध्या पाण्याने धुतल्यावर मोकळे क्षार जातात, पण कणांना चिकटलेले तसेच राहतात. पुढे पोषक द्रावण घातले, की भुसा त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतो आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतो. द्रावण मापात असूनही रोप उपाशी राहते. कोवळ्या पानांच्या कडा करपणे आणि जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडणे ही त्याची लक्षणे.

यावर उपाय कठीण नाही. भुसा दोन-तीन पाण्यांनी धुवावा, नंतर लिटरमागे दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावा आणि पुन्हा निथळून घ्यावा. पाण्यातील क्षार मोजणारा ईसी मीटर जवळ असेल, तर भुशातून पिळलेले पाणी आणि नळाचे पाणी यांतील फरक पाहावा. ०.५ हून कमी फरक चालतो. 'धुतलेला' असे छापलेल्या पिशवीचीही ही परीक्षा घ्यावी.

दुसरी अडचण हवेची. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; ३० अंशाला तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. उष्णतेत मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. मुंबईच्या दमट हवेत नुसता बारीक कोकोपीट ओलाचिंब राहिला, तर मुळे तपकिरी होऊन कुजतात. म्हणून त्यात तिसरा हिस्सा परलाइट, म्हणजे तापवून लाह्यांसारखी फुलवलेली ज्वालामुखीजन्य काच, मिसळण्याची पद्धत आहे. परलाइटची धूळ छातीला त्रास देते. पिशवी उघडताच तिच्यावर पाणी शिंपडावे.

खडी, वाळू आणि दगडी लोकर

खडीचा वापर जुना आहे. शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून कालिम्पाँग परिसरात केलेल्या प्रयोगांत महागडी यंत्रे टाळून दगडाची बारीक खडी आणि वाळू यांवर भिस्त ठेवली. ती 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली गेली. गॅलरीत मात्र वजनाचा विचार हवा. १०० लिटर खडी दीडशे किलोच्या घरात जाते. शोभेचे पांढरे दगड आणि संगमरवराचे तुकडे दिसायला सुंदर, पण त्यांतील चुन्याने द्रावणाचा सामू चढतो आणि लोह मुळांना मिळेनासे होते. दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून फेस आला, तर तो परत करावा. समुद्राची वाळू तर नकोच.

डेन्मार्कमध्ये १९६० च्या दशकाअखेर रोपांसाठी वापरात आलेले रॉकवूल हेही दगडच. महाराष्ट्राचे पठार ज्या बेसॉल्टचे आहे, त्याच जातीचा दगड वितळवून त्याचे तंतू काढतात. बी रुजवण्यास ते उत्तम, पण त्याचा सामू चढा असल्याने वापरण्यापूर्वी ५.५ सामूच्या पाण्यात भिजवावे लागते. शिवाय ते कुजत नाही. सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात त्याला जागा नाही. कोकोपीट दोन-तीन पिकांनंतर कुंडीतल्या मातीत मिसळता येतो. लेट्यूस किंवा पुदिन्याची चार रोपे लावणाऱ्याला स्पंजचा छोटा तुकडाही पुरतो, मात्र तोही कुजत नाही. टोमॅटो, मिरचीसारख्या दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या झाडांना रोपामागे किमान आठ-दहा लिटर माध्यम लागते.