लिथियम-आयन विद्युतघटाचे एक शिल्पकार : प्रा. जॉन गुडइनफ

ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील भ्रमणध्वनी, शाळेतील टॅब आणि १ जून २०२२ रोजी पुणे व तेव्हाचे अहमदनगर या शहरांदरम्यान धावू लागलेली राज्य परिवहन महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरील बस यांना शक्ती पुरविणारे विद्युतघट एकाच कुळातील आहेत. लिथियम-आयन घट या नावाने ते ओळखले जातात. या घटाच्या घडणीतील सर्वांत अवघड दुवा ज्यांनी जोडला, ते प्राध्यापक जॉन बॅनिस्टर गुडइनफ २५ जून २०२३ रोजी अमेरिकेतील ऑस्टिन येथे निवर्तले. वयाची एकशे एक वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अवघा एक महिना उरला होता.

गुडइनफ यांचा जन्म २५ जुलै १९२२ रोजी जर्मनीतील येना येथे झाला. बालपण मात्र अमेरिकेत गेले. लहानपणी त्यांना वाचन फार कठीण जाई. अक्षरे ओळखण्यातील अशा अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, हे त्या काळी शाळांना ठाऊक नव्हते, आणि हा मुलगा मागे पडलेला विद्यार्थी म्हणूनच गणला गेला. पुढे येल विद्यापीठात गणिताचा अभ्यास करून दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात हवामानतज्ज्ञ म्हणून काम केले. युद्धानंतर भौतिकी शिकण्यासाठी ते शिकागोस गेले, तेव्हा या विषयात ज्यांनी काही केले ते तुमच्या वयापूर्वीच केले, अशा अर्थाचे बोल तेथील एका प्राध्यापकाने त्यांना ऐकविले. गुडइनफ त्या वेळी पंचविशीच्या आसपास होते. ज्या शोधासाठी जग त्यांना ओळखते, तो त्यांच्या हातून सत्तावन्नाव्या-अठ्ठावन्नाव्या वर्षी लागावयाचा होता.

१९५२ पासून मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत त्यांनी संगणकाच्या स्मृतीसाठी लागणाऱ्या चुंबकीय पदार्थांवर काम केले. धातूंच्या ऑक्साइडांच्या अंतर्रचनेचे जे सूक्ष्म ज्ञान त्यांना तेथे मिळाले, तेच पुढे कामास आले. १९७६ मध्ये ते इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात अकार्बनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. भौतिकीच्या पदवीधराकडे रसायनशास्त्राचा विभाग सोपविणे हा त्या विद्यापीठाचा धाडसी निर्णयच म्हटला पाहिजे.

१९७३ च्या तेलसंकटाने ऊर्जेच्या साठवणुकीचा प्रश्न ऐरणीवर आला होता. लिथियम हा सर्वांत हलका धातू असून तो आपला इलेक्ट्रॉन चटकन सोडतो. म्हणून कमी वजनाच्या घटासाठी तो योग्य. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी त्या दशकात लिथियम आणि टायटॅनियम डायसल्फाइड यांचा घट तयार केला होता. त्याचा दाब दोन व्होल्टच्या थोडा वर होता. शिवाय ऋण अग्र शुद्ध लिथियम धातूचे असल्याने वारंवार भारण करताना त्यावर सुयांसारखे कोंब फुटत, ते दुसऱ्या अग्राला जाऊन भिडत आणि घट पेट घेई.

सल्फाइडाऐवजी ऑक्साइड वापरल्यास दाब वाढेल, असे गुडइनफ यांचे अनुमान होते. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाची रचना फडताळासारखी असते : कोबाल्ट व ऑक्सिजन यांचे थर म्हणजे फळ्या आणि त्यांमधील लिथियम म्हणजे ठेवलेली दप्तरे. घट भारित करताना लिथियमचे आयन या फळ्यांमधून निघून दुसऱ्या अग्राकडे जातात; घट वापरताना ते परत येतात. किती दप्तरे काढली तर फडताळ कोसळेल, हा कळीचा प्रश्न होता. जपानहून आलेले कोइची मिझुशिमा व इतर सहकारी यांच्यासह केलेल्या प्रयोगांत सुमारे निम्मे लिथियम काढले तरी रचना टिकते आणि दाब चार व्होल्टपर्यंत जातो, असे १९८० मध्ये सिद्ध झाले.

यातील दुसरी गोष्टही तितकीच मोलाची होती. लिथियम धन अग्रातच साठलेले असल्याने ऋण अग्रासाठी धोकादायक लिथियम धातूची गरज उरली नाही. जपानमधील अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये या धन अग्राला कार्बनयुक्त ऋण अग्राची जोड दिली आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने असा घट बाजारात आणला.

या शोधाच्या एकस्वासाठी अर्ज करण्यास ऑक्सफर्ड विद्यापीठ पुढे आले नाही. हार्वेल येथील सरकारी अणुऊर्जा संशोधन केंद्राने तो भार उचलला आणि हक्कही त्या केंद्राकडे गेले. अब्जावधी घट विकले गेले, पण गुडइनफ यांच्या वाट्याला त्यातून स्वामित्वधन आले नाही. संशोधन संस्थांतील अधिकाऱ्यांनी हा व्यवहार बारकाईने अभ्यासण्याजोगा आहे.

ऑक्सफर्डमधील सक्तीची निवृत्ती जवळ येताच, १९८६ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी ते टेक्सास विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोबाल्ट महाग आणि दुर्मीळ. त्याऐवजी लोह व फॉस्फेट वापरून केलेले धन अग्र त्यांच्या गटाने तेथे विकसित केले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचे पहिले लेखक अक्षय पाधी होते. या घटाचा दाब थोडा कमी, परंतु तापल्यावर त्यातून ऑक्सिजन सहजी सुटत नाही, म्हणून तो अधिक सुरक्षित. विजेवरील वाहनांत आणि सौरऊर्जेच्या साठवणुकीत त्याचा वापर आता मोठ्या प्रमाणावर होतो. २०१७ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, काचेसारख्या घन माध्यमाच्या नव्या घटाचा दावा त्यांनी सहकाऱ्यांसह केला. त्याबद्दल इतर शास्त्रज्ञांनी शंकाही व्यक्त केल्या. पुरस्कारांची रक्कम ते पुष्कळदा विद्यार्थी व संशोधकांसाठी विद्यापीठालाच देऊन टाकीत.

२०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासमवेत त्यांना मिळाले. सत्त्याण्णव वर्षांचे गुडइनफ हे तोवरचे सर्वांत वयोवृद्ध नोबेल मानकरी ठरले. त्या डिसेंबरात स्टॉकहोम येथील त्यांचे नोबेल व्याख्यान त्यांच्या वतीने अरुमुगम मंथिराम यांनी दिले. तमिळनाडूतील एका खेड्यात जन्मलेले आणि मद्रासच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत शिकलेले मंथिराम ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले होते आणि पुढे त्यांच्याबरोबरच टेक्सासला गेले होते.