भाजलेल्या रुग्णाचा ताप पुन्हा चढला? जखमेत बुरशी असू शकते

नवी मुंबई : स्टोव्हचा भडका, गॅसगळती, उकळतं पाणी. माणूस जास्त भाजला की घरचे पहिले दोन-तीन दिवस जीव मुठीत धरून बसतात. मग वाटतं, सुटलो. पण मोठ्या भाजण्यात पुढचा धोका जखमेतल्या संसर्गाचा असतो. त्यातला बुरशीचा संसर्ग बहुधा दुसऱ्या आठवड्यात किंवा त्यानंतर दिसतो आणि लवकर ओळखू येत नाही.

बुरशी शिरते कशी?
कातडी ही अंगाची भिंत. ती जळाली की मेलेल्या कातडीत बुरशी वाढते. प्रतिकारशक्तीही घटलेली असते. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, बुरशीला नाही. उलट जिवाणू गेल्यावर तिला रान मोकळं मिळतं. कँडिडा, ॲस्परजिलस आणि कोरोनाकाळात गाजलेली म्युकर, या त्यातल्या मुख्य बुरशी. शुगर असेल तर धोका वाढतो.

काय दिसलं तर सांगायचं?
अँटिबायोटिक सुरू असूनही ताप, जखमेवर काळे-करडे डाग, जखम अचानक खोल होणं, लावलेली कातडी सुटणं. असं दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. जखमेचा छोटा तुकडा तपासून खात्री करतात. मग मेलेला भाग ऑपरेशनने काढतात आणि बुरशीचं औषध देतात. नुसत्या मलमाने हे बरं होत नाही.

घरी काय करायचं?
भाजल्यावर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ नको. माती, शेण, हळद, टूथपेस्ट, शाई काहीच लावू नका. माती-शेणातून तर बुरशीच जखमेत जाते. स्वच्छ सुती कापडाने झाका आणि 108 ला फोन करा. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का. मोठ्या माणसाचं 10 टक्क्यांहून जास्त भाजलं असेल तर गावात वेळ घालवू नका. लहान मूल, चेहरा, हात किंवा विजेचा धक्का असेल तर कमी भाजलं तरी दवाखाना गाठा.

ऐरोलीत उपचार, त्वचापेढीही
नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर हे फक्त भाजलेल्यांचं रुग्णालय आहे. तिथे त्वचापेढीही आहे. दान केलेल्या त्वचेने जखम तात्पुरती झाकता येते, म्हणजे जंतू आणि बुरशीची वाट अडते. मृत्यूनंतर 6 तासांच्या आत त्वचादान करता येतं, रक्तगट जुळावा लागत नाही. घरात यावर आधीच बोलून ठेवा.