काडतुसाची दारू : वेगाआधी दाबाचा हिशेब

पडेगावहून मिटमिट्यामार्गे दौलताबादला गेलेल्या प्रत्येकाने तेथील मेंढा तोप पाहिलेली असते. मागच्या बाजूस मेंढ्याचे मुख कोरलेल्या, ‘किल्ले-शिकन’ असे नाव असलेल्या या तोपेची लांबी आणि वजन यांविषयी मार्गदर्शक बरेच सांगतात. तिच्यात भरल्या जाणाऱ्या दारूविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. वास्तविक जुन्या गोलंदाजाचे खरे कसब तेथेच होते. तोपेच्या पोटात जाणारी दारू जाड दाण्याची, हातबंदुकीची त्याहून बारीक आणि कान्यावर घालावयाची रंजक सर्वांत बारीक, अशी निवड केली जाई. शोरा, कोळसा व गंधक हे घटक तेच, पण दाणा बदलला की जळण्याची गती बदलते. आज रायफलची काडतुसे स्वतः भरू पाहणाऱ्या नवशिक्यासमोर हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो.

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढताच टोपी पेटते, तिची ज्योत दारूला लागते आणि निर्माण झालेला वायू गोळीला नळीबाहेर ढकलतो. गोळी नळी ओलांडते ती साधारणतः एका सेकंदाच्या हजाराव्या भागात. डाग उमटल्यावर यातील पुंगळी तेवढी पुन्हा वापरता येते. अमेरिकेत अशा पुंगळ्यांत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवून स्वतःपुरती काडतुसे तयार करण्याचा छंद मोठा आहे. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील नेमबाजीच्या हौशी मंडळींनाही तो खुला असतो.

आपल्याकडे मात्र परिस्थिती सर्वस्वी भिन्न आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक बाळगण्याचा परवाना आणि काडतुसे तयार करण्याचा परवाना या दोन स्वतंत्र बाबी होत. काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश कायद्याने ‘दारूगोळा’ या व्याख्येत केला आहे. कलम ५ खालील परवान्याविना दारूगोळा तयार करणाऱ्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. स्फोटक पदार्थांसाठी १८८४ चा कायदा व २००८ चे नियम वेगळेच असून त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. त्यामुळे ‘परदेशात करतात, मग येथे का नको’ असे म्हणून कोणी घरी प्रयोग करू नये. तरीही दारूची निवड कशी होते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातील चुकीची किंमत येथील परवानाधारकालाही मोजावी लागू शकते.

काळ्या दारूचे मोठे वैगुण्य असे, की ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. दाट पांढरा धूर आणि नळीत साचणारी काजळी ही त्याचीच फळे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूर दारू सिद्ध केली आणि बंदुकीचे युग पालटले. ब्रिटिशांनी त्यानंतर कॉर्डाइट आणले. आपल्या पोलिसांमुळे ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने घराघरांत परिचित झालेल्या .३०३ रायफलचे काडतूस १८८८ मध्ये प्रथम काळ्या दारूवरच निघाले होते. काही वर्षांतच त्यात कॉर्डाइट भरले जाऊ लागले आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते. त्याच्या प्रखर उष्णतेने मेटफर्ड पद्धतीचे उथळ आटे झपाट्याने झिजू लागले. अखेर १८९५ मध्ये खोल आट्यांची एन्फिल्ड नळी स्वीकारावी लागली आणि पुढे कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीनही ३० टक्क्यांवर आणावे लागले. दारू बदलली की नळीही बदलावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

निर्धूर दारूंमध्ये मुख्य भेद जळण्याच्या गतीचा असतो. मराठवाड्यातील गृहिणीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. चुलीत पऱ्हाट्या घातल्या तर जाळ एकदम भडकतो आणि विझतो, बाभळीचा ओंडका मात्र सावकाश व दीर्घकाळ उष्णता देतो. पिस्तुलाची नळी आखूड आणि गोळी हलकी. तेथे भरकन जळणारी दारू लागते. रायफलची गोळी जड, पुंगळी मोठी व नळी लांब. गोळी पुढे सरकते तशी तिच्यामागची पोकळी वाढत जाते आणि ती भरून काढण्यासाठी वायू हळूहळू, पण सतत निर्माण व्हावा लागतो. म्हणून दाण्याचा आकार, त्यातील छिद्रे आणि त्यावरील ज्वलनरोधक लेप यांच्या साहाय्याने कारखानदार ही गती ठरवितात. .३०८ विंचेस्टर या प्रचलित काडतुसात दाब चार हजार वातावरणांहून अधिक होतो. त्यात रायफलच्या मापाने पिस्तुलाची दारू भरली, तर हा दाब नळीला पेलणाऱ्या मर्यादेपलीकडे जातो आणि रायफल फुटून नेमबाजाचा हात वा डोळा जाऊ शकतो.

मग नवशिक्याने काय निवडावे? पहिला नियम असा, की निवड दारूच्या नावावरून करावयाची नसून काडतूस व गोळीचे वजन यांवरून करावयाची असते. दारूच्या उत्पादकांनी प्रयोगशाळेत दाब मोजून प्रसिद्ध केलेले तक्ते हाच एकमेव आधार. दुसरा नियम, मध्यम गतीची आणि पुंगळी जवळजवळ भरून टाकणारी दारू घ्यावी. अशी दारू चुकून दुबार ओतली गेली, तर ती बाहेर सांडते व चूक तत्काळ दिसते. थोडक्या मापात काम भागविणारी दारू स्वस्त वाटते, परंतु तिचे दुप्पट माप पुंगळीत निमूटपणे मावते आणि धोका तेथेच असतो. ‘.३०८’साठी आयएमआर ४०६४ किंवा ऑस्ट्रेलियात तयार होणारी व्हार्गेट यांची शिफारस अनुभवी मंडळी करतात, ती याच कारणाने. तिसरा नियम, तक्त्यातील कमाल मापापासून नव्हे, तर प्रारंभिक मापापासून सुरुवात करावी. माप ग्रेनमध्ये असते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक. एवढ्या सूक्ष्म मापात अंदाज चालत नाही, काटाच लागतो. चौथा नियम, टेबलावर एका वेळी एकच डबा असावा. ज्या डब्यावरील चिठ्ठी गेली, त्यातील दारू निरुपयोगी समजावी, कारण डोळ्यांना अनेक दारू सारख्याच दिसतात.

आपल्या हवामानाचा विचार केला, तर पाचवा नियम जोडावा लागेल. दारू तापली की ती अधिक वेगाने जळते. डिसेंबरच्या गारठ्यात सुरक्षित ठरलेले कमाल माप मे महिन्यात, पारा चाळीस अंशांपुढे गेल्यावर, तसेच राहील याची शाश्वती नसते. उष्णतेचा परिणाम कमी होईल अशा दारू हल्ली मिळतात. पण उन्हात उभ्या मोटारीत काडतुसे ठेवू नयेत, हा नियम विकत घेतलेल्या काडतुसांनाही तितकाच लागू आहे. नायट्रोसेल्युलोज साठवणीत मंदपणे विघटन पावते आणि उष्णता त्याला गती देते. १९११ मध्ये तुलाँ बंदरात ‘लिबर्ते’ ही फ्रेंच युद्धनौका उद्ध्वस्त झाली, ती खराब झालेल्या दारूमुळेच. आंबूस वास किंवा तांबूस वाफ हे विघटनाचे लक्षण होय.

मराठवाड्यात विशेष सांगावयास हवी अशी एक गोष्ट आणखी आहे. ठासणीच्या बंदुकीत कधीही निर्धूर दारू घालू नये. ती नळी काळ्या दारूच्या सौम्य दाबासाठी घडविलेली असते. काडतूस फोडून काढलेली दारू ठासली, तर शिकार होण्याऐवजी बार भरणाराच प्राणास मुकण्याची भीती असते.

नेमबाजीकडे वळणाऱ्या तरुणांना मात्र या व्यापात पडण्याचे कारण नाही. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे यांची .२२ ची काडतुसे अशी असतात, की त्यांचे पेटणारे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असते. ती पुन्हा भरण्याजोगी नसतात. हे खेळाडू दारू निवडत नाहीत. वेगवेगळ्या उत्पादन-तुकड्यांतील काडतुसे झाडून आपल्या रायफलला मानवणारी तुकडी निवडतात.

महाराष्ट्रात काडतुसांचा उद्योग जुना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तर वरणगाव व भंडारा येथील कारखाने १९६४ चे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ जणांचा बळी गेला. शिस्त, प्रशिक्षण आणि तज्ज्ञ हाताशी असतानाही जेथे असे घडते, तेथे घरातील टेबलावर, अंदाजाने वा ऐकीव मापाने दारू हाताळणे किती महागात पडेल, हे वेगळे सांगावयास नको. गोळी किती वेगाने जाईल हा विचार नंतरचा. दाब किती होईल आणि तो आपल्या नळीला पेलेल काय, हा पहिला.