म्हसवडच्या बायकांची बँक

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या म्हसवडची ही गोष्ट प्रत्येकानं वाचायला हवी. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायची होती, म्हणून रोज थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्या छोट्या रकमेचं खातं कुठलीच बँक उघडेना. मग सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा म्हणाल्या, आपणच बँक काढू!

रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जदार बायका अंगठेबहाद्दर. बायका खचल्या नाहीत. दिवसभर राबून रात्री अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी थेट अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या : कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

मला सगळ्यात भावते ती या बँकेची कामाची रीत. बाईला मजुरी बुडवून बँकेत यावं लागू नये म्हणून बँकेची माणसंच घरी, बाजारात पैसे गोळा करायला जातात.

२०१८ मध्ये चेतनाताई दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष होत्या. तुमच्या भागातल्या अशा बाईबद्दल खाली नक्की लिहा.