डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घर घेताना

भाडे भरून कंटाळलेल्या मंडळींत स्वतःच्या घराचा विषय निघाला, की डिस्कव्हरी गार्डन्सचे नाव हटकून येते. जबेल अलीच्या बाजूला नखील कंपनीने उभारलेली ही वसाहत. इमारती ठेंगण्या, मधून झाडे आणि हिरवळ. झेन, मोगल, कॅक्टस अशी गटांची नावे. इब्न बतूता मॉल शेजारी, तर दिल्ली प्रायव्हेट स्कूल ही सीबीएसई शाळा जवळच्याच द गार्डन्समध्ये. १ जानेवारी २०२१ पासून मेट्रोचे स्थानक आहे. २०२२ साली जबेल अलीत मंदिर उघडल्यापासून दर सणाला बर दुबई गाठावी लागत नाही. संध्याकाळी जिना उतरले की झाडांमधून अर्धा तास चालता येते. घराण्यात मधुमेह असलेल्यांनी याची विशेष नोंद घ्यावी!

वसाहत मात्र ऐसपैस पसरलेली आहे. दलाल ‘मेट्रोजवळ’ म्हणाला, तरी भर ऑगस्टच्या दुपारी स्थानकापासून त्या इमारतीपर्यंत स्वतः चालून पाहावे. शिवाय येथील बहुतेक घरे स्टुडिओ किंवा एका बेडरूमची. नवराबायको आणि एक लहान मूल यांना ठीक. पण मुले दहावी-बारावीला आली आणि त्यातच आईबाबा दोन महिन्यांसाठी आले, तर अभ्यासाचे टेबल कुठे मांडणार?

आता पैशाकडे वळू. परदेशी नागरिकांना ठरावीक भागांत मालकी हक्काने घर घेण्याची मुभा दुबईने २००२ मध्ये दिली. पहिल्या घरासाठी आपल्याला किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळते (घर ५० लाख दिरहमपर्यंतचे असल्यास). उदाहरणादाखल ८ लाख दिरहमचे घर धरा. आपले २० टक्के म्हणजे १,६०,०००. लँड डिपार्टमेंटची ४ टक्के फी ३२,०००. दलालाचे २ टक्के व त्यावरील व्हॅट मिळून १६,८००. कर्जनोंदणीचे १,६००. झाले २ लाख १० हजारांच्या वर, आणि मूल्यांकन, ट्रस्टी कार्यालय हे खर्च अजून धरलेच नाहीत. फेब्रुवारी २०२५ पासून ही फी आणि दलाली कर्जात मिळवता येत नाही. रक्कम रोखच हवी.

हप्ता आणि भाडे यांची तुलना सगळेच करतात, पण सर्व्हिस चार्ज विसरतात. तो दरवर्षी चौरस फुटाच्या हिशेबाने मालकालाच भरावा लागतो. प्रकल्पाचा दर लँड डिपार्टमेंटच्या संकेतस्थळावर पाहता येतो. एसीच्या थंडाव्याचे बिल त्यात धरले आहे की वेगळे, हेही लेखी विचारावे.

खरा प्रश्न नोकरीचा आहे. नोकरी गेली तर व्हिसा रद्द होतो, कर्ज होत नाही. गोल्डन व्हिसासाठी २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. असे एक घर तिथवर पोहोचत नाही. आणि तेव्हाच विकायला काढावे, तर भाव पडलेले असू शकतात. २००८ नंतरच्या मंदीत दुबईतील किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. म्हणून आमच्या मते निदान सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय, आणि पाच-सात वर्षे इथेच राहण्याचा विचार नसेल तर, सही करू नये.

मृत्युपत्राचा विषय घरात कोणी काढत नाही, पण काढावा. बिगरमुस्लिमांना २०१५ पासून डीआयएफसीमध्ये ते नोंदवता येते. मृत्युपत्र नसल्यास, २०२३ मध्ये लागू झालेल्या संघीय कायद्याप्रमाणे अर्धी मालमत्ता जोडीदाराला व अर्धी मुलांना मिळते. गावाकडच्या आईवडिलांसाठी काही ठेवायचे असेल, तर ते लिहूनच ठेवावे लागेल.

भारतात कायमचे परतल्यावरही हे घर ठेवता येते. फेमा कायद्यात तशी मुभा आहे. मात्र आयकराच्या दृष्टीने पूर्ण निवासी झालात, की विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागते आणि त्याच्या भाड्यावर भारतात कर लागतो. घर दाखवायचे राहिले, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. तेव्हा खरेदीखत, बँकेच्या पावत्या आणि पैसे कुठून आले याचे कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवावेत.